मामाच्या खड्ड्याचा आलेख

धीर हा माणसाचा सर्वांत मोठा गुण आहे. रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून बावीस वर्षं मी हे पोरांना सांगत आलोय. द्रावण आपोआप थंड होऊ द्या, स्फटिक घाईने येत नाहीत, निसर्गाला त्याचा वेळ द्या. माझा स्वतःचा धीर एकोणीस दिवसांच्या एका कामात अकराव्या दिवशी दुपारी दोन वाजता संपला.

आणि ते कामही माझं नव्हतं. जैलोसीमामाचं होतं.

जैलोसीमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. आमच्याकडे पोर मामाचं असतं. बाप येतो-जातो, जेवतो, सगळ्यांची विचारपूस करतो. पण फी मामा भरतो, थपडा मामा मारतो, आणि मामा गेला की त्याचं नाव भाचा चालवतो. माझी प्राथमिकपासून कॉलेजपर्यंतची सगळी फी मामाने गांजावर भरली. मी मात्र वसतिगृहात सांगायचो की मामा तंबाखू लावतो. मामा त्यापायी दोनदा तुरुंगात गेला, तेव्हा मी सांगितलं की तो दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला गेलाय. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनाही हेच सांगितलं. सासरे स्वतः अकरा वर्षं त्या खाणींत राबलेले. त्यांनी विचारलं, "कुठली खाण?" मला त्या दिवशी खूप वेळ खोकला आला.

गांजा काय, आमच्या सरोवराकाठी कुणीही पिकवतो. बांधणं वेगळं. उन्हाने मान टाकलेला पण अजून कुरकुरीत न झालेला माल मामा मांडीवर घ्यायचा, मक्याच्या सालांत दाबदाबून गुंडाळायचा, वर शेकलेलं केळीचं पान, त्यावर केळीच्या सोपटाच्या दोराचे वेढे. तयार झालं की ते हुबेहूब मक्याच्या कणसासारखं दिसायचं, म्हणून नावही कणीसच. मग ती कणसं शेळ्यांच्या माचाखाली पुरायची. आमच्याकडे शेळ्यांचं घर खांबांवर असतं; फळ्यांच्या फटींतून लेंड्या खाली पडत राहतात आणि खालची जमीन थंडीतसुद्धा ऊबदार असते. त्या उबेत, वारा न लागता, कणीस आतल्या आत घाम सोडतं आणि आंबतं. हिरवा रंग जातो, गवताचा उग्रपणा जातो, आणि उघडल्यावर सुकवलेल्या आंब्यासारखा वास येतो. शिवाय माचाखाली वाकून शिरायला पोलीसही फारसे उत्सुक नसायचे.

"एकोणीसच दिवस का, मामा?" मी लहानपणी विचारलं होतं.

"अठराला कच्चं राहतं."

"आणि विसाला?"

"विसापर्यंत ठेवलं कशाला मी?"

गावातले निम्मे लोक आपला माल बांधायला मामाकडेच आणायचे. वस्तू कुणाचीही असो, गाठ जैलोसीची हवी, असं होतं.

मग कायदा बदलला, परवाने निघाले. ज्या कामासाठी मामाने दोनदा दगड फोडले, त्याच कामासाठी बाजारपेठेच्या गावात सोसायटी स्थापन झाली. तिचे अध्यक्ष श्री. ग्वाझा. ग्वाझा पूर्वी पोलिसात सार्जंट होते. दुसऱ्या वेळी मामाला पकडून नेणारे तेच. त्यांचा मामाच्या कामाचा अनुभव त्यामुळे दांडगा होता, आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं.

"जैलोसी," अंगणात खुर्ची टाकून बसत ते म्हणाले, "तुझा माल कोर्टात ठेवला होता तेव्हा सगळी इमारत दरवळत होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी खिडक्या उघडू दिल्या नाहीत."

"तुम्ही नीट सांभाळलात म्हणून," मामा म्हणाला. दोघंही मनापासून हसले.

सोसायटीला एक मुख्य बांधणीकार नेमायचा होता. दोन नावं होती: एक मामा, दुसरा ओढ्यापलीकडचा बिलियाती. दोघांनी एकाच दिवशी बारा-बारा कणसं पुरायची, एकोणिसाव्या दिवशी समितीसमोर उघडायची. ज्याची सरस, त्याला नेमणूक. पगार फार नव्हता. पण एक ओळखपत्र मिळणार होतं, त्यावर फोटो आणि फोटोवर शिक्का. मामाचा आयुष्यात एकदाच फोटो निघाला होता, तो छातीशी नंबराची पाटी धरून. हा दुसरा फोटो त्याला काढायचा होता. त्याने एवढंच मागितलं होतं, तेही बोलून नाही; फालेसीमामीला त्याने ट्रंकेतला कोट काढून कोळशाच्या इस्त्रीखाली घालायला सांगितला, त्यावरून आम्हाला कळलं.

मी तेव्हा शाळेच्या मोठ्या सुट्टीसाठी गावी आलो होतो. कणसं पुरताना मामाने मला बोलावलं.

"वाइसन, इकडे वाक. हात घाल आत. काय लागतंय?"

"ऊब."

"कशासारखी?"

"साधारण चाळीस-बेचाळीस अंशांसारखी."

मामा मामीकडे बघून म्हणाला, "एवढी फी भरली, आणि याला आजाऱ्याच्या कपाळाला हात लावता येत नाही."

"याला किण्वन म्हणतात, मामा. जिवाणू—"

"म्हणोत बापडे. तू माती लोट."

मी माती लोटली. मामाने वरून लेंड्यांचा थर सारखा केला, तळहात टेकून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "झालं. आता इकडे बघायचंसुद्धा नाही."

आता माझं सांगतो. दरवर्षी झोम्बा शहरात विज्ञान शिक्षकांचं अधिवेशन भरतं. तिथे भिंतीवर तक्ते लावतात. गेली सहा वर्षं मी साबणाच्या फेसाचा तक्ता लावत होतो. त्यासमोर उभं राहायला लोक यायचे, पण ते चहाच्या टेबलाकडे जाण्याची वाट तिथून होती म्हणून. माचाखालून बाहेर निघताना माझ्या डोळ्यांसमोर एक तक्ता उभा राहिला: पारंपरिक किण्वनातील तापमानाचा दैनंदिन आलेख. खाली माझं नाव. ज्या मामाला मी वसतिगृहापासून तंबाखूवाला म्हणत आलो, तो आता कायदेशीर झाल्याबरोबर मला भिंतीवर लावायचा होता.

शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर माझ्या बॅगेत होता. तो तिथे कसा आला, हे मुख्याध्यापकांना अजून माहीत नाही.

दहा दिवस मी माचाकडे बघत काढले. अकराव्या दिवशी सरोवराकाठच्या वस्तीत नाफिरीआजी गेल्याची बातमी आली. नाफिरीआजी सगळ्यांचीच कुणी ना कुणी लागायची. गाव पहाटेपासून निघालं. बायकांनी डोक्यावर पिठाच्या टोपल्या घेतल्या, सरपण घेतलं. आमच्याकडे मयताला न जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. लग्नाला नाही गेलात तर लोक रागावतात. मयताला नाही गेलात तर लोक लक्षात ठेवतात, आणि तुमच्या घरचं मयत होईपर्यंत थांबतात.

मी चटईवर पडून राहिलो.

"मलेरिया आहे, मामी."

फालेसीमामीने कपाळाला हात लावला. "गार आहेस की."

"आतून आहे."

मामीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, उशाशी पेजेचं भांडं ठेवलं, वर फडका झाकला आणि ती गेली. मामा दारातून म्हणाला, "पडून राहा. आजीला मी सांगतो तुला यायचं होतं म्हणून." मामाने खरंच तसं सांगितलं असणार. तो मेलेल्यांच्या बाबतीतही दिलेला शब्द पाळतो.

दोन वाजता मी माचाखाली शिरलो. वर शेळ्या उभ्या होत्या. फळीच्या फटीतून एक पिवळा डोळा माझ्याकडे बघत होता, पण तेव्हा मी तो मनाला लावून घेतला नाही. माती बाजूला केली, वरचं कणीस उचललं, दोर सैल केला, पानं उलगडली आणि थर्मामीटर खुपसला. त्रेचाळीस. वासही घेतला, गवत निघून गेलं होतं आणि काहीतरी गोड सुरू झालं होतं. त्या क्षणी सगळं उत्तम चाललं होतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो, कारण चांगलं चाललेलं मी पाहिलं तो तेवढाच क्षण.

तिथे थांबायला हवं होतं. पण एका बिंदूचा आलेख होत नाही. म्हणून मी कणीस परत बांधलं आणि त्यात वितीएवढी एक बोरूची नळी खोचली. नळीचं तोंड मातीबाहेर, लेंड्यांत लपवलेलं. आता रोज उकरायला नको. नळीतून थर्मामीटर सोडायचा, आकडा लिहायचा. युक्ती माझी मलाच आवडली.

त्या दिवसापासून रोज पहाटे शेळ्या सोडायचं काम मी मागून घेतलं. घरात कौतुक झालं. "शहरात राहूनही बिघडला नाही," मामी शेजारणीला म्हणाली. मी वाकून आत जायचो, आकडा घ्यायचो. बाराव्या दिवशी एक्केचाळीस. तेराव्याला एकोणचाळीस. पंधराव्याला पस्तीस. अठराव्याला एकोणतीस. आलेख उतरत गेला, अगदी डौलात, एकही बिंदू रेषेबाहेर नाही. अशी देखणी रेषा माझ्या हातून कधी निघाली नव्हती. मी तिला नावही दिलं, 'उत्तर-शीतन'. वहीत लिहिलं, "ही अवस्था आजवर कुणीही नोंदवलेली दिसत नाही." ते खरंच होतं. आजवर कुणी खड्ड्याला भोक पाडून बसलं नव्हतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. बंद भांड्याला छिद्र पाडलं तर आतली ऊब बाहेर जाते आणि बाहेरची हवा आत, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला केटलीचं चित्र काढून सांगतो. हे आठ दिवस मला केटली एकदाही आठवली नाही.

एकोणिसाव्या दिवसाच्या पहाटे मी नळी उपटली आणि ओढ्यात फेकली. मामा कोट घालून आला. कोट खांद्यात सैल झाला होता, दुसऱ्या तुरुंगवासाआधीचा होता. त्याने माती बाजूला केली, तळहात टेकला, आणि तो तळहात नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. बारा कणसं टोपलीत भरली आणि आम्ही सोसायटीच्या आवारात गेलो.

आंब्याच्या झाडाखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड, समितीचे पाच जण, मध्ये ग्वाझा. सगळं गाव जमलेलं. बिलियातीची कणसं आधी उघडली. बरी होती. तपकिरी, जरा कोरडी, वास चिंचेच्या वळणावर जाणारा. ग्वाझा मान हलवून म्हणाले, "ठीक. आता जैलोसी. खिडक्या नाहीत इथे, नाहीतर बंद करायला सांगितल्या असत्या." लोक हसले. मामाही हसला. त्याने पहिलं कणीस उघडलं.

आतून पांढरी बुरशी निघाली, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लांब. वास आला तो पावसात भिजलेल्या बोकडाचा.

पुढच्या रांगेतल्या बाईने अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंग्याच्या टोकाने नाक धरलं. दुसरं कणीस तसंच. तिसरं काळं आणि चिकट. चौथं मामाने उचललं, आणि त्याचा हात थांबला. मी दोन पावलांवर होतो, मला सगळं दिसत होतं. हे ते वरचं कणीस होतं. दोराला त्याची गाठ नव्हती. माझी होती, बुटाच्या नाडीची, दोन कान असलेली. आणि पानाच्या बाजूला एक गोल, नीटस भोक होतं. बोरूच्या मापाचं.

मामाने मान वर केली नाही. माझ्याकडे बघितलं नाही. त्याने अंगठा त्या भोकावर ठेवला, गाठ मुठीत झाकली, आणि कणीस तसंच धरून समितीला दाखवलं. पाचही जणांनी वाकून पाहिलं. अंगठा जागचा हलला नाही.

"हात गेला माझा," मामा म्हणाला. "म्हातारा झालो. बांधताना ढिली राहिली असतील."

तेव्हा बोलायचं होतं. दोन शब्द पुरे होते. पण तेवढ्यात ग्वाझा माझ्याकडे वळले. "टीचर, तुम्ही या विषयातले. काय झालं असावं?"

आणि मी बोललो. माझ्या खिशात अधिवेशनाचं भाषण होतं, ते जिभेवर आलं. पारंपरिक पद्धतींत प्रमाणीकरणाचा अभाव असतो, असं मी म्हणालो. सगळं हाताच्या अंदाजावर चालतं, म्हणालो. वयोमानानुसार हाताची पकड कमी होते, हेही म्हणालो. आधुनिक मोजमापाची जोड दिली असती तर, असं मी म्हणालो, आणि 'मोजमाप' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा आकाश कोसळलं वगैरे काही नाही. सात मिनिटं बोललो. समितीने टाळ्या वाजवल्या. मामानेही वाजवल्या, पण एका हाताने मांडीवर. दुसऱ्या हातात कणीस होतं.

बिलियातीचा फोटो तिथेच काढला.

घरी येताना टोपली मामाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी म्हणालो, "मामा, द्या इकडे."

"नको, सर," मामा म्हणाला. "तुमच्या कपड्यांना वास लागेल."

त्या दिवसापासून मी 'सर' झालो. जन्मापासून 'अरे वाइसन' म्हणणारा माणूस मला 'तुम्ही' म्हणू लागला. "सर, पाणी तापलंय." "सर, तुम्ही आधी बसा." आणि फालेसीमामी जेवताना मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाच्या ढिगाशेजारी चांबो माशाचा सर्वांत मोठा तुकडा माझ्यासमोर ठेवायची, डोक्याकडचा, जो आजवर मामाचा असायचा. मी तो मामाकडे सरकवला की ती परत माझ्याकडे सरकवायची. "सरांना द्या." मी तो मासा खायचो. काटे फार लागायचे.

दुसऱ्याच आठवड्यात लोक माल बांधायला बिलियातीकडे जाऊ लागले. आमच्या अंगणासमोरूनच रस्ता जातो. डोक्यावर पोती घेऊन जाणारी माणसं मामाला नमस्कार करायची आणि पुढे जायची. दुपारी बावोच्या, म्हणजे बियांच्या खेळाच्या, पाटाभोवती म्हातारे बसायचे, तिथून आवाज यायचे.

"काय जैलोसी, यंदा बोकड पुरलास म्हणे?"

"शिंगं काढायला विसरलास का रे?"

मामा बिया पाटात टाकत म्हणायचा, "विसरलो. तुझी चाल आहे."

मी ओट्यावर पुस्तक धरून बसायचो. पुस्तक उलटं आहे, असं मला एकदा शेजारच्या बाईने सांगितलं.

मी खाजगीत कबूल करायचा प्रयत्न केला. तीनदा.

"मामा, तो खड्डा..."

"सर, चहा घ्या."

"मामा, अकराव्या दिवशी मी..."

"सर, साखर कमी आहे का?"

"मामा, ऐका ना!"

"ऐकतोय की. त्या दिवशी सगळ्या गावासोबत ऐकलं. छान बोलता तुम्ही."

तेव्हा मी ठरवलं की जे सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोरच उसवायचं. शनिवारी आमच्या गावप्रमुख काम्वेंडोबाईंच्या अंगणात न्यायबैठक असते. काम्वेंडोबाई सत्तरीच्या, ऐकायला कमी येतं असं लोक समजतात, आणि त्या लोकांना तसं समजू देतात. मी रात्रभर बसून दोन पानी निवेदन लिहिलं, इंग्रजीत, कारण अपराध तांत्रिक होता. त्यात 'वायुवीजन' होतं, 'निरीक्षकाचा निरीक्षित वस्तूवरील परिणाम' होता, आणि शेवटी ज्ञानाच्या लोभाबद्दल एक परिच्छेद होता, जो वाचताना मला स्वतःलाच भरून आलं.

बैठकीला सगळे होते. मामा-मामी चटईवर, बिलियाती झाडाला टेकून, ग्वाझासुद्धा काही कामानिमित्त आलेले. आधीचा खटला कुणाच्या तरी बदकाचा होता, तो मिटला. मी उभा राहिलो, कागद उलगडला, वाचायला लागलो.

"बाळा," काम्वेंडोबाई म्हणाल्या, "आपल्या भाषेत सांग. बदकवाल्यांनाही कळू दे."

मी पहिलं वाक्य आपल्या भाषेत करायला गेलो. वायुवीजनाला शब्द सापडेना. निरीक्षकाला सापडला, पण त्याचा अर्थ आमच्याकडे 'दुसऱ्याच्या घरात डोकावणारा' असा होतो. एकेक वाक्य गळत गेलं. दोन पानांतलं शेवटी हातात जे उरलं ते मी बोललो.

"खड्डा मी उघडला. मामाची चूक नव्हती."

कुणीच दचकलं नाही. बिलियातीने कान खाजवला.

"कधी उघडलास?" काम्वेंडोबाईंनी विचारलं.

"अकराव्या दिवशी. दुपारी."

आता मात्र बैठकीत हालचाल झाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बावोवाले म्हातारे सरसावून बसले.

"अकरावा दिवस म्हणजे," काम्वेंडोबाई सावकाश म्हणाल्या, "नाफिरीला माती दिली तो."

"हो."

"तुला तर मलेरिया होता."

मी जमिनीकडे बघितलं.

"नव्हता?"

"नव्हता."

असा आवाज मी आमच्या गावात त्याआधी ऐकला नव्हता. सगळ्यांनी एकाच वेळी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. एक बाई उठून म्हणाली, "आजीने याला तान्हा असताना अंगावर पाजलंय हो! याची आई तापाने पडली होती तेव्हा!" हे मला माहीत नव्हतं. फालेसीमामीने तोंडावर कापड ओढून घेतलं. मामा चटईच्या काडीकडे बघत राहिला, आणि मला कळलं की आत्ता त्याला लाज वाटतेय. खड्ड्याच्या दिवशी वाटली नव्हती. आज वाटत होती, आणि ती माझी होती, त्याने फक्त धरली होती.

"माफ करा," मी म्हणालो. "पण खड्डा..."

"खड्ड्याचं काय घेऊन बसलास?" काम्वेंडोबाई वैतागल्या. "भाच्याने मामाची वस्तू बिघडवली, तो तुमच्या घरातला प्रश्न. त्याचा खटला होत नाही. आणि खड्डा तू उघडलास हे कुणाला माहीत नव्हतं?"

मी वर पाहिलं.

"विज्ञानाचा मास्तर रोज पहाटे शेळ्या सोडायला जातो," बावोवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "आणि शेळ्या सोडायच्या आधी अर्धा तास माचाखाली जातो. आम्हाला वाटलं, शहरात आजकाल अशीच प्रार्थना करत असतील."

लोक हसले. मी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"मग तुम्ही सगळे बिलियातीकडे का गेलात?" माझा आवाज चिरकला. "मामाच्या नावाला बट्टा लागला म्हणूनच ना?"

उत्तर बिलियातीने दिलं. "जैलोसीनेच पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला, म्हणाला, भाचा आहे तोवर माझ्याकडे कुणाचा माल ठेवणं बरं नाही, हात घालतो. तू सांभाळ. गाठी कशा मारायच्या तेही दाखवून गेला." मग थोडं थांबून तो म्हणाला, "माझ्या गाठी ढिल्याच असतात तशा."

मी ग्वाझांकडे वळलो. "साहेब, मग समितीने पुन्हा बघावं. कार्ड मामाचं आहे. तुम्ही सगळे जाणता."

ग्वाझांनी टोपी हातात फिरवली. "जाणतो, टीचर. पण रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं, आणि ते तुमच्या भाषणातून घेतलं. 'हाताची पकड कमी.' शब्द न शब्द तुमचा. त्याच्यावर सही झाली, शिक्का झाला, वर गेलं. आता ते खोटं म्हणायचं तर तुम्हाला खोटं म्हणावं लागेल, आणि तज्ज्ञ म्हणून नाव तुमचंच घातलंय." ते मामाकडे बघून म्हणाले, "पुढल्या वर्षी नव्याने भरतील. तोवर काही करता येत नाही, जैलोसी."

"असू दे," मामा म्हणाला. "कोट तोवर आणखी सैल होईल, एवढंच."

काम्वेंडोबाईंनी निकाल दिला. नाफिरीआजीच्या घरी एक कोंबडी, पिठाची एक टोपली, आणि तिच्या कबरीच्या मातीवर जाऊन तोंडाने सांगायचं की मी आजारी नव्हतो. मी त्याच दुपारी गेलो. आजीच्या लेकीने कोंबडी घेतली, पीठ घेतलं, मला बसायला चटई दिली नाही. मातीसमोर उभा राहून मी सांगितलं. बाजूला दोन पोरी पाणी भरत होत्या, त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "हाच तो मलेरिया."

रविवारी सकाळी मी बॅग भरली. आलेखाची वही चुलीत घालावी असं मनात आलं, पण मामीने चूल तोवर विझवली होती. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आला. मिनिबस उशिरा आली, आम्ही दोघं आंब्याच्या सावलीत उभे होतो. मला खूप काही बोलायचं होतं आणि माझ्या भाषेत त्यातलं काहीच नव्हतं.

"मामा, पुढच्या सुट्टीत येऊ ना मी?"

"घर तुमचंच आहे, सर," मामा म्हणाला. "मयत असलं तर नक्की या."

कंडक्टरने बॅग टपावर टाकली. मी खिडकीशी बसलो आणि मागे वळून पाहिलं. आमच्या अंगणात सात माणसं पोती घेऊन बसली होती. गाडी सुरू झाली तशी ती उठली.